फुप्फुसात एसीई२ किती? विषाणूच्या रिसेप्टरचं एक्स्प्रेशन सार्वजनिक डेटावरून तपासण्याची रीत

जीटेक्स (मानवी ऊतींतल्या जनुकांच्या एक्स्प्रेशनचा, म्हणजे त्यांचा आरएनए किती बनतो याचा, सार्वजनिक संग्रह) याच्या संकेतस्थळावर एसीई२ हे जनुक शोधलं की ऊतींचा आलेख उघडतो. वरच्या टोकाला वृषण आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग. त्यांच्यामागे मूत्रपिंड, हृदय, थायरॉइड, पोटातली चरबी. फुप्फुस बरंच खाली, मध्यक जेमतेम एक टीपीएमच्या आसपास. (टीपीएम म्हणजे दर दहा लाख ट्रान्सक्रिप्टांमागे त्या जनुकाचे किती.) एसीई२चं प्रथिन म्हणजे कोविडचा विषाणू सार्स-कोव्ह-२ ज्याला चिकटून पेशीत शिरतो तो रिसेप्टर, त्याचं दार. ज्या विषाणूने फुप्फुसं निकामी केली, त्याचं दार फुप्फुसातच सापडू नये?

आलेख खोटा नाही. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न आपण विचारलेलाच नसतो. आलेख सांगतो तो ऊतीच्या अख्ख्या तुकड्याचा हिशोब, आणि विषाणू शिरतो एकेका पेशीत. या दोन टोकांमधलं अंतर टप्प्याटप्प्याने कसं कापायचं, ते पुढे दिलं आहे. जीवशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि थोडंफार आर किंवा पायथन येणारे वाचक समोर धरले आहेत.

पायरी १ : आधी विषाणू ठरवा, मग जनुकांची यादी

‘कोरोनाव्हायरसचा रिसेप्टर’ असा एकच रिसेप्टर नाही. सर्दी करणारा २२९ई हा एएनपीईपी वापरतो (हे १९९२पासून माहीत आहे), मर्सचा विषाणू डीपीपी४ (२०१३), तर २००३चा सार्स, एनएल६३ आणि सार्स-कोव्ह-२ हे तिघेही एसीई२. सर्दीचाच आणखी एक विषाणू ओसी४३ प्रथिनाला नव्हे, तर पेशीवरच्या सायलिक आम्ल या साखरेच्या एका प्रकाराला चिकटतो. त्यामुळे त्याच्यासाठी एक्स्प्रेशनच्या तक्त्यात एखादं जनुक शोधायला जाणं व्यर्थ. एनएल६३चं उदाहरण डोक्यात ठेवा : दार तेच, पण आजार बहुतेकांना साध्या सर्दीचा. नुसत्या रिसेप्टरवरून आजाराची तीव्रता ठरत नाही, हे इथेच दिसतं.

सार्स-कोव्ह-२साठी यादीत एसीई२, टीएमपीआरएसएस२, कॅथेप्सिन-एल (सीटीएसएल) आणि फ्युरिन घ्या. रिसेप्टरला चिकटल्यावर स्पाइक प्रथिन कापावं लागतं. ते काम टीएमपीआरएसएस२ पेशीच्या पृष्ठभागावर करतं आणि कॅथेप्सिन-एल पेशीच्या आत, एंडोसोममध्ये (बाहेरून आत घेतलेल्या गोष्टींच्या पिशवीत). ओमिक्रॉन आधीच्या प्रकारांपेक्षा दुसऱ्या वाटेवर अधिक विसंबतो. त्यामुळे टीएमपीआरएसएस२ दिसलं नाही म्हणून पेशी सुरक्षित, असं धरून चालणार नाही.

यादीत साक्षीदार जनुकंही हवीत, म्हणजे पेशीचा प्रकार ओळखून देणारी. एपिथेलियमसाठी ईपीसीएएम, फुप्फुसातल्या टाइप-२ पेशींसाठी एसएफटीपीसी, केसाळ (सिलिया असलेल्या) पेशींसाठी फॉक्सजे१, रोगप्रतिकारक पेशींसाठी पीटीपीआरसी. ही नसतील तर पुढे एसीई२चा आकडा हलला तरी तो का हलला, हे कळायला मार्ग उरत नाही.

जनुक नावाने नव्हे, एन्सेम्बल या जनुकांच्या डेटाबेसमधल्या क्रमांकाने उचला. शेवटचे सहा आकडे : एसीई२ १३०२३४, टीएमपीआरएसएस२ १८४०१२, डीपीपी४ १९७६३५, एएनपीईपी १६६८२५. क्रमांकापुढे टिंब देऊन आवृत्ती लिहिलेली असते. दोन फायली जोडण्याआधी ती छाटा, नाहीतर एकही ओळ जुळत नाही आणि कोड चूकही दाखवत नाही. नावांचा आणखी एक घोळ म्हणजे एक्सेल मार्च१, सेप्ट२ अशा जनुकांच्या तारखा करून टाकतं. या त्रासाला कंटाळून २०२०मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांची नावंच बदलली.

पायरी २ : अख्ख्या ऊतीचा डेटा उतरवणं

जीटेक्सच्या आठव्या आवृत्तीत ९४८ दात्यांचे १७,३८२ आरएनए नमुने आणि ५४ ऊतिप्रकार आहेत. त्यांतले दोन म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी. नव्या आवृत्त्या आल्या असल्या तरी प्रसिद्ध शोधपत्रांशी ताडून पाहायला आठवी सोयीची पडते. तीन फायली लागतात : जनुकनिहाय टीपीएमचा तक्ता, नमुन्यांची माहिती आणि दात्यांची माहिती.

टीपीएमच्या तक्त्यात ५६,२०० ओळी आणि १७,३८२ रकाने, म्हणजे ९७ कोटींहून जास्त आकडे. प्रत्येकी ८ बाइट धरले तर पावणेआठ जीबी मेमरी नुसती तक्ता उघडायलाच जाते. ८ जीबीचा लॅपटॉप तिथेच मान टाकतो. म्हणून दाबलेली फाइल ओळ-ओळ वाचा. पहिल्या दोन ओळी सोडा (आवृत्ती आणि आकारमान), तिसरी शीर्षकांची ओळ घ्या आणि पुढे फक्त आपल्या यादीतल्या क्रमांकांच्या ओळी ठेवा. दहा-बारा ओळींची फाइल एक-दोन एमबींमध्ये बसते.

ही छोटी फाइल एक्सेलमध्ये उघडायचा मोह होतो. तो आवरा. एक्सेलला १६,३८४ रकान्यांची मर्यादा आहे. आपल्याकडे नमुन्यांचे १७,३८२ आणि सुरुवातीचे क्रमांक-नावाचे दोन, असे १७,३८४ रकाने होतात. बरोबर एक हजार नमुने कापले जातात. फाइल पूर्ण उघडली नसल्याची सूचना एकदा येते, आपण सवयीने ‘ओके’ दाबतो आणि विषय तिथेच संपतो. उघडायचीच असेल तर तक्ता आडव्याचा उभा करून घ्या.

नमुन्याच्या ओळखक्रमांकातले डॅशने तोडलेले पहिले दोन भाग म्हणजे दाता. ते सुटे करून दात्यांच्या फायलीशी जोडा. लिंग १ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री. वय नेमकं नसतं, दहा-दहा वर्षांच्या गटात असतं. नेमकं वय हवं असेल तर वेगळी परवानगी काढावी लागते.

पायरी ३ : नमुने गाळणं

जीटेक्सच्या ऊती मृत्यूनंतर काढलेल्या आहेत. म्हणून प्रत्येक नमुन्याबाबत तीन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे आरएनएची प्रत सांगणारा आरआयएन : ६ किंवा त्याहून जास्त ठेवा. दुसरी म्हणजे रक्तपुरवठा थांबल्यापासून ऊती जतन होईपर्यंतचा वेळ. हा मिनिटांत दिलेला असतो आणि सांख्यिकी मॉडेलमध्ये घालावाच लागतो. तिसरी म्हणजे हार्डी श्रेणी. मृत्यू कसा आला याची ही ० ते ४ अशी नोंद आहे, आणि फुप्फुसासाठी सगळ्यात कळीची. ० म्हणजे मृत्यूच्या आधी दाता व्हेंटिलेटरवर होता. यंत्राने दिवसचे दिवस फुगवलेलं फुप्फुस आणि अपघातात अचानक मेलेल्या माणसाचं फुप्फुस यांची तुलना करून त्यातून ‘वयानुसार एसीई२’ काढायला गेलात, तर हाती येणारा फरक वयाचा नसून मरणाच्या प्रकाराचा असू शकतो. तरुण दात्यांत अपघाती मृत्यू जास्त, म्हणून या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. श्रेणी ० वेगळी काढून विश्लेषण पुन्हा चालवा. निष्कर्ष उलटला तर तो निष्कर्ष नव्हता.

नमुन्यांची संख्या प्रत्येक आलेखाखाली लिहा. फुप्फुसाचे ५७८, वृषणाचे ३६१, लहान आतड्याचे १८७, मूत्रपिंडाच्या बाह्य भागाचे ८५. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाचे मात्र फक्त ४. चार नमुन्यांचा बॉक्सप्लॉट काढणं म्हणजे चार माणसांना विचारून निवडणुकीचा अंदाज सांगणं. नाकाची ऊती तर या संग्रहात मुळातच नाही, आणि विषाणूचं पहिलं घर तेच. शिवाय दाते अमेरिकेतले आणि बहुसंख्य युरोपीय वंशाचे आहेत, तेव्हा ‘भारतीयांत एसीई२ अमुक’ असं वाक्य या डेटावरून लिहिता येत नाही.

पायरी ४ : तुलना

टीपीएममध्ये १ मिळवून लॉग-२ घ्या आणि सरासरीऐवजी मध्यक दाखवा. एकाच दात्याने अनेक ऊती दिलेल्या असतात, म्हणून नमुने एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. ऊतींची तुलना करताना दाता हा यादृच्छिक घटक धरून मिश्र मॉडेल वापरा. साधी टी-टेस्ट नमुने स्वतंत्र असल्याचं धरून चालते, म्हणून तिचं पी-मूल्य इथे भरवशाचं नसतं.

टीपीएमचा एक अंगभूत दोष विसरू नका. हा वाटा आहे, मोजमाप नाही. स्वादुपिंडात मोजक्या पाचक एन्झाइमांची जनुकं आणि रक्तात हिमोग्लोबिनची जनुकं बहुतांश जागा खातात. बाकीच्यांचा टीपीएम आपोआप खाली येतो. स्वादुपिंडात एसीई२ कमी दिसलं तर आधी ही शंका घ्या.

स्त्री-पुरुष तुलनेत आणखी एक गुंता आहे. एसीई२ एक्स गुणसूत्रावर आहे आणि स्त्रियांमधल्या निष्क्रिय एक्सवरही ते पूर्ण गप्प होत नाही. शिवाय फरकाची दिशा ऊतीनुसार बदलते. ‘पुरुषांत एसीई२ जास्त, म्हणून पुरुषांचे मृत्यू जास्त’ हे २०२०मध्ये बरंच गाजलेलं वाक्य जीटेक्सच्या फुप्फुसाच्या डेटावर टिकत नाही.

पायरी ५ : पेशीपर्यंत उतरणं

इथे खरं काम सुरू होतं. साधं गणित पाहा. फुप्फुसातल्या १०० पेशींपैकी २ पेशींत एसीई२ ५० टीपीएम आणि बाकीच्या ९८ पेशींत शून्य असेल, तर अख्ख्या तुकड्याचा आकडा येतो १. सगळ्या १०० पेशींत प्रत्येकी १ असेल तरीही आकडा येतो १. विषाणूच्या दृष्टीने मात्र या दोन फुप्फुसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रत्यक्ष फुप्फुस पहिल्या प्रकाराच्या जवळचं : एसीई२ मुख्यतः टाइप-२ पेशींच्या छोट्या हिश्शात आणि श्वासमार्गाच्या काही पेशींत. नाकाच्या अस्तरात, केसाळ आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींत ते अधिक, आणि नाकाकडून खोल फुप्फुसाकडे जाताना उतरत जाणारं.

डेटासाठी मानवी फुप्फुस पेशी ॲटलास घ्या. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संचात ४८६ व्यक्तींच्या सुमारे २४ लाख पेशी एकत्र केल्या आहेत. पेशींची नावं सगळीकडे एकसारखी लावलेली असल्यामुळे निम्मं काम वाचतं.

आता ‘एसीई२ असलेल्या पेशी १.५ टक्के’ अशा आकड्यांबद्दल. एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचणाऱ्या या एकपेशीय तंत्रात पेशीतल्या आरएनएपैकी साधारण दहावा हिस्साच पकडला जातो असं धरू. पेशीत एसीई२चे २ रेणू असतील तर दोन्ही निसटण्याची शक्यता ०.९ × ०.९ = ०.८१. म्हणजे प्रत्येक पेशीत जनुक चालू असूनही १९ टक्के पेशीच ‘पॉझिटिव्ह’ दिसतील. ५ रेणू असतील तर ४१ टक्के. दोन प्रयोगशाळांनी वेगळ्या खोलीपर्यंत सिक्वेन्सिंग केलं असेल, तर त्यांच्या टक्केवारीची तुलना करण्यात अर्थच उरत नाही.

म्हणून टक्केवारी बाजूला ठेवा आणि ढीग करा. एका दात्याच्या एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे यूएमआय (पकडलेल्या प्रत्येक आरएनए रेणूला लावलेली खूण, म्हणजे रेणूंची मोजणी) बेरजेत घ्या आणि दर दहा लाखांमागे किती, ते काढा. समजा ३०० टाइप-२ पेशी आणि दर पेशीला ६,००० यूएमआय, एकूण १८ लाख. त्यांत एसीई२चे ९. उत्तर : दर दहा लाखांमागे ५. पण मोजले फक्त ९ आहेत. ९ या मोजणीचा ९५ टक्के विश्वासपट्टा साधारण ४ ते १७, म्हणजे खरा दर २ पासून साडेनऊपर्यंत कुठेही असू शकतो. एका दात्यावर बोलू नका, आणि ज्या दात्याच्या त्या प्रकारच्या ५०हून कमी पेशी आहेत तो वगळा.

एसीई२ आणि टीएमपीआरएसएस२ दोन्ही असलेल्या पेशी मोजताना अपेक्षित आकडा आधी काढा. पहिलं २ टक्के पेशींत आणि दुसरं ३० टक्के पेशींत असेल, तर निव्वळ योगायोगाने ०.६ टक्के पेशींत दोन्ही सापडतील. मिळालेला आकडा याच्या आसपासच असेल, तर ‘दोन्ही जनुकं एकत्र चालतात’ हा दावा फुसका आहे.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे सूप. ऊती सुट्या करताना फुटलेल्या पेशींचा आरएनए द्रावणात तरंगत राहतो आणि प्रत्येक थेंबात (या तंत्रात एकेक पेशी एकेका थेंबात बंद करतात) थोडा थोडा शिरतो. आतडं आणि मूत्रपिंड यांत एसीई२ भरपूर, त्यामुळे तिथल्या टी-पेशीही एसीई२ पॉझिटिव्ह दिसू लागतात. इथे साक्षीदार कामी येतात : त्याच टी-पेशींत ईपीसीएएमही दिसतंय का? दिसत असेल तर एसीई२सुद्धा सूपातलंच. सूपएक्स किंवा सेलबेंडर ही सूप वजा करणारी सॉफ्टवेअर चालवा, पण त्यासाठी रिकाम्या थेंबांसकट मूळ मॅट्रिक्स (जनुक आणि थेंबनिहाय मोजणीचा तक्ता) लागते. फक्त गाळलेली मॅट्रिक्स उतरवली असेल तर मागे जावं लागेल.

पायरी ६ : आखूड एसीई२

२०२०मध्ये एसीई२चं एक आखूड रूप सापडलं. मूळ प्रथिन ८०५ अमिनो आम्लांचं. या रूपात पहिली ३५६ नाहीत, त्यांच्या जागी १० वेगळी, एकूण ४५९. स्पाइक जिथे चिकटतो त्यातला मोठा भागच गायब, म्हणून हे विषाणूचं दार नाही. इंटरफेरॉनने (विषाणू शिरल्यावर शरीर सोडतं त्या प्रथिनाने) वाढतं ते मुख्यतः हेच रूप. ‘संसर्ग झाला की शरीर स्वतःच आणखी दारं उघडतं’ ही महासाथीच्या पहिल्या महिन्यांतली भीती या शोधानंतर बरीच ओसरली.

अडचण अशी की जनुकनिहाय मोजणीत दोन्ही रूपं एकत्र धरली जातात. ट्रान्सक्रिप्टचं फक्त ३′ टोक वाचणाऱ्या एकपेशीय तंत्राला तर हा फरक दिसूच शकत नाही, कारण ते टोक दोन्हींत सारखंच. जुन्या ॲनोटेशनमध्ये (जनुकांच्या रचनेच्या नोंदींत) आखूड रूपाची नोंदही नाही. अख्ख्या ट्रान्सक्रिप्टचा डेटा असेल तर एक्झॉन २ ते ८ आणि एक्झॉन ११ ते १८ या जनुकाच्या तुकड्यांची दर बेसमागची रीड-संख्या (वाचलेल्या आरएनए-तुकड्यांची संख्या) वेगवेगळी काढा. सुरुवातीची संख्या शेवटच्या संख्येच्या निम्मी असेल तर आखूड रूपाचा संशय घ्या. पण आरएनए तुटलेला असला तरी ५′ बाजू अशीच विरळ होते. त्याच नमुन्यातल्या दुसऱ्या एखाद्या लांब जनुकाचं हेच गुणोत्तर शेजारी ठेवलं की दोन्हींतला भेद कळतो.

पायरी ७ : प्रयोगशाळेत पडताळणी

आरटी-क्यूपीसीआरसाठी (आरएनएचा सीडीएनए करून त्याच्या प्रती मोजण्याचं तंत्र) प्रायमरच्या दोन जोड्या घ्या. एक सुरुवातीच्या एक्झॉनांवर (फक्त पूर्ण रूप), दुसरी शेवटच्या भागात (दोन्ही रूपं). दोन्ही जोड्या इंट्रॉन ओलांडणाऱ्या असाव्यात. डीएनेझ प्रक्रिया करून ५०० नॅनोग्रॅम ते १ मायक्रोग्रॅम आरएनए २० मायक्रोलिटर अभिक्रियेत सीडीएनएमध्ये बदला. तो ५ ते १० पट पातळ करा आणि दर नमुना तीनदा लावा. पाच दशपट पातळीकरणांची प्रमाणरेषा काढा. उतार -३.१ ते -३.६ मध्ये हवा (-३.३२ म्हणजे शंभर टक्के कार्यक्षमता). दोन्ही जोड्यांची कार्यक्षमता सारखी नसेल तर त्यांची वजाबाकी करून आखूड रूप काढू नका. एन्झाइमशिवायचं कंट्रोल प्रत्येक आरएनएसाठी लावा. ३५च्या पुढचा सीक्यू (कितव्या चक्राला संकेत दिसला तो आकडा) ‘आहे’ म्हणून लिहू नका. तुलनेसाठी जीएपीडीएच एकटं पुरत नाही, कारण ऊतींमध्ये ते स्वतःच बदलतं. किमान दोन संदर्भ जनुकं घ्या.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून कॅको-२ किंवा कॅलू-३ पेशी चालतात. ए५४९मध्ये एसीई२ फार कमी. व्हेरो-ई६ पेशी माकडाच्या आहेत, मानवी प्रायमर तिथे अडखळू शकतात. याच व्हेरो पेशींनी २०२०मध्ये मोठी दिशाभूल केली. त्यांत टीएमपीआरएसएस२ अत्यल्प, म्हणून विषाणू एंडोसोमच्या वाटेने शिरतो आणि क्लोरोक्विन ती वाट अडवतं. फुप्फुसातून आलेल्या कॅलू-३ पेशींत टीएमपीआरएसएस२ आहे. तिथे त्या औषधाचा उपयोग झाला नाही. औषधाच्या चाचणीआधी पेशींतलं प्रोटिएजचं (टीएमपीआरएसएस२सारख्या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमांचं) एक्स्प्रेशन पाहणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे. वेस्टर्न ब्लॉटवर पूर्ण एसीई२ साखरेच्या फांद्यांमुळे १२० किलोडाल्टनच्या आसपास दिसतं. पीएनगेज-एफ हे एन्झाइम लावून साखर काढली की पट्टा ९०च्या जवळ सरकतो. सरकला नाही तर अँटिबॉडीवर शंका घ्या. ऊतीच्या छेदात रंग पेशीच्या वरच्या कडेला, पडद्यावर यायला हवा. आतड्याच्या अस्तरावर तो एका बारीक तपकिरी रेघेसारखा दिसतो. सगळा सायटोप्लाझम सारखाच तपकिरी झाला असेल तर अँटिबॉडी भलतीकडेच चिकटली आहे. काचपट्ट्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर लहान आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा एक छेद लावा.

पायरी ८ : संसर्गाशी जोडणं

रिसेप्टर असणं आणि संसर्ग होणं यांच्यामध्ये बरंच काही असतं : विषाणू तिथवर पोहोचतो का, प्रोटिएज आहे का, पेशी त्याला आत वाढू देते का. वृषणात एसीई२ भरपूर, पण श्वासातून आलेला विषाणू तिथे सहजी पोहोचत नाही. एक्स्प्रेशनवरून थेट उपचारापर्यंत उडी मारण्याचा धोका रक्तदाबाच्या काही गोळ्यांबाबत दिसला. काही प्राणिप्रयोगांत या गोळ्यांनी एसीई२ वाढलं होतं, म्हणून त्या बंद कराव्यात का, असा प्रश्न उभा राहिला. ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर झालेल्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळ्या थांबवून काहीच फायदा दिसला नाही.

रुग्णाच्या नमुन्यात विषाणूचा आरएनए शोधताना मानवी आणि विषाणूचा जीनोम एकत्र करून रीड जुळवा. सार्स-कोव्ह-२चा जीनोम २९,९०३ बेसचा. त्याच्या सगळ्या उपजीनोमी आरएनएंचं (जीनोमवरून पेशीत बनणाऱ्या आखूड प्रतींचं) ३′ टोक सामायिक, त्यामुळे एन जनुकावर रीडचा ढीग लागतो. तो दिसला म्हणून घाबरू नका. ५′ टोकाची सुमारे ७० बेसची लीडर पुढच्या जनुकाला थेट जोडलेली सापडली, तर पेशीत विषाणूचं लेखन झाल्याचा तो बऱ्यापैकी पुरावा. मात्र हे तुकडे काही काळ टिकून राहतात, म्हणून त्यांवरून ‘आत्ता वाढतोय’ असं ठामपणे म्हणता येत नाही. मॅक्रोफेजमध्ये विषाणूचे रीड मिळाले आणि एसीई२ शून्य असेल, तर त्या पेशीने संसर्गित पेशी गिळली असण्याची शक्यता आधी तपासा.

आलेखाखाली डेटाची आवृत्ती, उतरवल्याची तारीख, गाळणीचे निकष, प्रत्येक गटातले दाते (पेशी नव्हे, दाते), आणि मोजणीत आखूड रूप मिसळलेलं आहे की वेगळं काढलं आहे, हे लिहा.